छोट्या खोलीतलं गाणं

प्रस्तावना

गोव्यात एकच संध्याकाळ मोकळी आहे आणि गाणं ऐकायचं आहे, तर कुठं जावं? या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी हे छोटं पुस्तक लिहिलं आहे. आमच्या डोंगरकडा, वारंगा, अर्धापूर या केळीच्या पट्ट्यातून दरवर्षी कितीतरी कुटुंबं गोव्याला जातात. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातली चर्चं, समुद्र आणि संध्याकाळी मांडवीतली बोट असा सगळ्यांचा दौरा जवळपास ठरलेला असतो. बोटीवर मोठ्या आवाजात गाणी लागतात, देखणी आणि फुगडीचे चार तुकडे होतात, एखादा पोर्तुगीज नाच होतो, तासाभरात बोट धक्क्याला लागते. मंडळी खूश होऊन परततात, आणि त्यांच्या आनंदाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच पणजीत, धक्क्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एका खोलीत दोन तारवाद्यं आणि एक आवाज एवढ्यावर सबंध रात्र उभी राहते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगावं म्हणून हा खटाटोप.

त्या गाण्याचं नाव फादो. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे त्याचं माहेर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या मोरारिया, आल्फामा अशा गरीब वस्त्यांत ते रुजलं. बंदरावरचे हमाल, खलाशी, धुणी धुणाऱ्या बाया, देहविक्रय करून जगणाऱ्या स्त्रिया, गुत्त्यांतली गिऱ्हाइकं यांनी ते गायलं. ब्राझील आणि आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या नाचगाण्याचा अंशही त्यात मिसळला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मारिया सेवेरा ही त्याची पहिली प्रसिद्ध गायिका मोरारियातच राहायची. १८२० साली जन्मलेली सेवेरा १८४६ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारली. एका सरदाराशी तिचं नाव जोडलं गेलं, तिच्यावर कादंबरी आली, नाटक आलं, आणि १९३१ साली पोर्तुगालमधला पहिला संपूर्ण बोलपट निघाला तोही तिच्यावरच. आजही फादो गाणाऱ्या स्त्रिया खांद्यावर काळी शाल घेतात, ती तिच्या आठवणीची खूण मानली जाते. शंभर वर्षांनी आलेल्या आमालिया रोद्रिगिशनी हे गाणं वस्तीतून उचलून जगभरच्या रंगमंचांवर नेलं. १९९९ साली त्या गेल्या तेव्हा पोर्तुगालनं तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला, आणि पुढं त्यांचे अवशेष देशाच्या थोरांसाठी असलेल्या स्मारकात नेऊन ठेवले. २०११ मध्ये युनेस्कोनं फादोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. गुत्त्यातून स्मारकापर्यंतचा हा प्रवास दीडशे वर्षांचा आहे, आणि या सगळ्या काळात गाण्याची बैठक मात्र फारशी बदललेली नाही.

बैठक म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. गाणारा किंवा गाणारी उभी राहते. सोबत दोन वादक बसलेले. एकाकडं साधी गिटार, जी ठेका आणि खर्ज सांभाळते. दुसऱ्याकडं पोर्तुगीज गिटार. हे वाद्य आपल्या ओळखीच्या गिटारीपेक्षा अगदी वेगळं आहे. पोट नासपतीसारखं गोल, तारा बारा, पण जोडीजोडीनं लावलेल्या, म्हणजे सहा जोड्या. खुंट्यांच्या जागी पंख्यासारखी पसरलेली धातूची यंत्रणा, तिच्यातले छोटे स्क्रू पिळून सूर मिळवायचे. अंगठा आणि तर्जनी यांना नख्या लावून ते वाजवतात. आवाज टोकदार, लखलखीत, थोडा थरथरता. गायिकेची ओळ संपते तिथं हे वाद्य उत्तर देतं, कधी तिच्या आधीच पुढच्या ओळीचा रस्ता दाखवतं. आपल्याकडं सारंगी किंवा हार्मोनियमची साथ ज्यांनी कान देऊन ऐकली आहे, त्यांना या संवादाची चटक लगेच लागेल. लिस्बन आणि कोइंब्रा या दोन शहरांत या वाद्याची लावणी वेगळी, डोक्याकडची घडणही वेगळी. कोइंब्राचा फादो तर विद्यापीठातल्या मुलांचा. काळे झगे घालून रात्री चौकात गायचा, आणि तिथं दाद टाळ्यांनी देत नाहीत, घसा खाकरून देतात.

चालींची गोष्ट मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी. जुन्या फादोंमध्ये मेनोर, कोर्रिदु आणि मोरारिया या तीन चाली मूळ समजल्या जातात. त्या कुणी बांधल्या हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्यानंतर आणखी शेकड्यांनी चाली आल्या, पण रीत तीच राहिली. चाल ठरलेली असते, आणि तिच्या मापात बसेल ती कोणतीही कविता तिच्यावर गाता येते. एकाच चालीवर एक जण आईबद्दल गातो, दुसरा बंदर सोडून गेलेल्या जहाजाबद्दल, तिसरा आपल्या गल्लीबद्दल. जात्यावरच्या ओवीला एकच चाल पुरते आणि प्रत्येक बाई तिच्यात आपलं माहेर घालते, तसंच हे. म्हणून चांगल्या गायिकेचं कसब चाल म्हणून दाखवण्यात नसतं. कोणत्या शब्दावर थांबायचं, कोणता स्वर ओढायचा, कुठं ठेका सोडून मागं रेंगाळायचं आणि वादकांना वाट पाहायला लावायची, यात ते असतं. हे बारकावे दहा-बारा हातांच्या अंतरावरून ऐकू येतात. दोनशे हातांवरून, ध्वनिक्षेपकातून, शेजारी थाळ्यांचा खणखणाट चालू असताना ते ऐकू येत नाहीत. या पुस्तकात जागेच्या निवडीवर एवढा भर दिला आहे तो या कारणानं.

आता जागेकडं वळू. सुरुवातीला फादोला ठरलेली जागा नव्हती. गुत्ता, रस्ता, बाग, कुणाचं अंगण, जिथं माणसं जमतील तिथं तो गायला जाई. १९२६ साली पोर्तुगालमध्ये लष्करी हुकूमशाही आली आणि १९२७ मध्ये तिनं करमणुकीच्या कार्यक्रमांवर कडक नियम लादले. गाणाऱ्यानं परवाना घ्यायचा, गाण्याचे शब्द आधी सरकारी तपासनिसाकडून मंजूर करून घ्यायचे, गाणं होईल त्या जागेलाही परवाना हवा. रस्त्यावरचं आणि ऐनवेळी सुचलेलं गाणं त्यामुळं आक्रसलं. फादो हळूहळू ठरावीक घरांत, पगारी गायक-वादकांच्या हाती गेला, आणि १९३०च्या दशकात लिस्बनच्या बाइर्रु आल्तु भागात फादोची घरं एकामागून एक उघडली. जेवण आणि गाणं एका छपराखाली देणारी आजची पद्धत तिथून रुळली. हे नियम लादणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला काडीचाही आदर नाही. पण गाणारे आणि ऐकणारे यांनी त्या कोंडीतून जे घडवलं, त्याला दाद द्यायला हवी. त्यांनी छोट्या खोलीची एक शिस्त तयार केली. गाणं सुरू व्हायचं झालं की दिवे मंद होतात. कुणीतरी शांततेची विनंती करतं. वाढपी हातातलं ताट घेऊन जिथल्या तिथं थांबतो. स्वयंपाकघराचं दार लागतं. तीन-चार गाणी होतात, दिवे पुन्हा उजळतात, मग जेवण आणि बोलणं सुरू. थोड्या वेळानं दुसरा गायक उभा राहतो. एखादी जागा विलक्षण साधली तर ऐकणाऱ्यातलं कुणीतरी दबल्या आवाजात 'आह, फादिश्ता!' म्हणतं. आपल्या मैफलीतल्या 'क्या बात है'ला हे सख्खं भावंड.

गाणं आणि जागा यांचं नातं आमच्या हिंगोली जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. नामदेवांचं नर्सी इथलंच, आणि औंढा नागनाथही इथलंच. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ही कथा इथल्या प्रत्येक पोरानं आजीकडून ऐकलेली असते. ती कथा भक्तीची आहे, भेदाभेदाविरुद्धची आहे, आणि माझ्या मते ऐकण्याबद्दलचीही आहे. तिच्यात गाणाऱ्याला जागा नाकारली जाते आणि ऐकणारा स्वतः हलून त्याच्याकडं येतो. गावोगावच्या एकादशीच्या भजनात अजून हे दिसतं. पंधरा-वीस माणसं, एक पेटी, एक पखवाज, टाळ. मध्यरात्रीनंतर गर्दी पांगते आणि खरं भजन सुरू होतं. अलीकडं मात्र गावातल्या भजनालाही मोठे भोंगे आले. पंधरा माणसांसाठी सबंध गावाला पुरेल एवढा आवाज लावतात, आणि म्हणणाऱ्याचा दमसास, त्याच्या आवाजातली खरखर, ओळ सुरू करताना घेतलेला श्वास, हे सगळं त्या आवाजाखाली गाडलं जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. फादोच्या छोट्या घराबद्दल मला एवढी आस्था वाटते, तिच्यामागं ही खंतही आहे.

इथं एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढं जाणं बरोबर होणार नाही. हे गाणं पोर्तुगीजांचं. ज्यांनी १५१० पासून साडेचारशे वर्षं गोवा ताब्यात ठेवला, ज्यांच्या पोलिसांनी १९५५च्या पंधरा ऑगस्टला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, त्यांचं गाणं आपण हौसेनं का ऐकावं? हा प्रश्न विचारणाऱ्यांत गोवामुक्तीच्या लढ्यात घरातला माणूस गमावलेली कुटुंबं आहेत. त्यांच्यापुढं मी नम्रपणे दोन गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट मोहन रानडे यांची. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलात सामील झाला आणि १९५५ मध्ये पकडला गेला. शिक्षा सव्वीस वर्षांची झाली. पुढं त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी रानडे आतच होते. त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी वर्षानुवर्षं धडपड केली, त्यांत गायक सुधीर फडके अग्रभागी होते. हे तेच फडके, जे १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात स्वतः उतरले होते, आणि ज्या संग्रामाला पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. म्हणजे या राजवटीशी आमच्याकडचे गाणारे लढलेले आहेत. रानडे अखेर १९६९च्या जानेवारीत सुटले.

दुसरी गोष्ट त्याच काळातली, तिकडची. १९६२ साली आमालियांनी एक फादो ध्वनिमुद्रित केला. कविता दाविद मोराँव-फेरेइरा यांची, चाल आलाँ उलमान यांची. मध्यरात्री घरातून उचलून नेलेल्या आणि समुद्राकाठच्या तुरुंगात डांबलेल्या माणसाबद्दल ते गाणं होतं. पेनिश नावाच्या किल्ल्यात राजकीय कैदी ठेवत, म्हणून लोकांनी त्या गाण्याला पेनिशचा फादो असंच नाव दिलं. सरकारनं ते नभोवाणीवर लावू दिलं नाही. उलमान यांना १९६६ मध्ये गुप्त पोलिसांनी अटक केली, मग देश सोडायला लावला. रानडे काशियशच्या कोठडीत होते, तेव्हाच हे घडत होतं. ज्या सत्तेनं आपल्या माणसांना कोंडलं, तिनं स्वतःच्या गाणाऱ्यांच्या तोंडावरही हात ठेवला होता. हेही खरं की त्याच सत्तेनं पुढं फादोचा देशाच्या जाहिरातीसाठी वापर केला, आणि त्यामुळं १९७४च्या क्रांतीनंतर खुद्द पोर्तुगालमधल्या पुरोगाम्यांनी काही वर्षं या गाण्याकडं पाठ फिरवली. तरी ते टिकलं, कारण ते मुळात वस्तीतल्या माणसांचं होतं.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. रझाकारांनी जे केलं ते आमच्या गावांनी सोसलं. तरीही औरंगाबादच्या वली आणि सिराज यांची गझल आम्ही कधी परकी मानली नाही, आणि वैजापूरच्या सिकंदर अली वज्द यांना तर आम्ही अभिमानानं आपलं म्हणतो. सत्तेचा हिशेब सत्तेशी चुकता करावा. गाण्याला त्या हिशेबात ओढू नये, असं माझं ठाम मत आहे.

गोव्यात फादो एकोणिसाव्या शतकातच पोचला असावा. अधिकारी, सैनिक, शिकायला लिस्बनला जाऊन आलेली मुलं यांच्याबरोबर तो आला आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यात राहिला. तिथं त्याची गाठ मांडोशी पडली. मांडो हा अस्सल गोव्याचा, कोकणीतला, त्याच शतकात फुललेला. सासष्टीच्या मोठ्या घरांत लग्नाच्या वेळी गायचा, संथ लयीत स्त्री-पुरुषांनी समोरासमोर नाचायचा, सोबतीला व्हायोलिन आणि घुमट. लिगोरिओ कोश्त, आर्नाल्द द मिनेझिश, तोर्क्वात द फिगेरेद असे त्याचे रचनाकार नावानिशी ठाऊक आहेत. मांडोची सुरुवात विरहाच्या संथ सुरात होते, मग लय वाढत वाढत ती दुलपदात उतरते आणि घर हसायला लागतं. मातीच्या घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं कातडं वापरतात, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला.

१९६१ नंतर शाळांतून पोर्तुगीज गेली. पुष्कळ घरं लिस्बनला, आफ्रिकेला, मुंबईला निघून गेली. फादो उरला तो वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसापुरता आणि जुन्या तबकड्यांपुरता. पोर्तुगीज गिटार वाजवणारी माणसं तर बोटांवर मोजण्याइतकी राहिली. पणजीत टाइलांवर निळी चित्रं रंगवणारे ओर्लांदो द नोरोन्या हे त्यांतले एक, फ्रांझ शुबर्ट कोत्ता हे दुसरे. या वादकांनी हात चालू ठेवले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. साथीदारांची नावं लोक पटकन विसरतात, म्हणून ती इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

पुढचं जे घडलं त्यात सोनिया शिरसाट यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्या फोंड्याच्या. वडिलांकडून हिंदू, आईकडून ख्रिस्ती वारसा, शिक्षण कायद्याचं. फोंडा हा भाग अठराव्या शतकात, म्हणजे फार उशिरा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, आणि त्यामुळं तिथं देवळं टिकली, देवळांच्या आश्रयानं गाणं टिकलं. केसरबाई केरकर याच तालुक्यातल्या केरीच्या, दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. अशा मातीतल्या मुलीनं फादो गायला घ्यावा, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. लिस्बनचे ज्येष्ठ गिटारवादक अंतोनियु शाइन्यु यांनी २०१० मध्ये गोव्यातल्या कलाकारांना घेऊन 'लिसगोवा' ही ध्वनिमुद्रिका केली, तीत सोनियांचा आवाज आहे. त्याआधी २००८ मध्ये त्यांनी पोर्तुगालमध्ये स्वतंत्र मैफल केली होती. असं करणाऱ्या पहिल्या भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतात. पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठं काम त्यांनी घरी केलं. गोव्यातल्या मुलांना फादो शिकवायला घेतला, आणि पणजीत 'मदरागोवा' नावाचं फादो आणि मांडोचं घर उभं केलं. लिस्बनमध्ये याच नावाची एक जुनी वस्ती आहे. इथं थोडी माणसं बसतात, गाणारी त्यांच्यासमोर हाकेच्या अंतरावर उभी असते, आणि एकाच बैठकीत पोर्तुगीज फादो आणि कोकणी मांडो ऐकायला मिळतात. दोन्ही गाणी शेजारी ठेवली की गोव्याच्या माणसानं बाहेरून काय घेतलं आणि स्वतःचं काय केलं, हे भाषणाशिवाय कळतं.

या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत जागा कशी पारखावी याचा तपशील आहे. त्याचं सार इथं थोडक्यात देतो, कारण सगळेच पुस्तक शेवटपर्यंत वाचतात असं नाही. पहिल्यांदा विचारा की माणसं किती बसतात. चाळीस-पन्नासच्या वर आकडा गेला की सावध व्हा. मग विचारा, माईक लावता का. छोट्या खोलीत माईकची गरज नसते, आणि जिथं गरज पडते तिथं खोली मोठी आहे किंवा ऐकणारे बोलताहेत, दोन्हींपैकी काहीतरी असतं. गाणं चालू असताना जेवण वाढता का, हा तिसरा प्रश्न, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा. 'वाढतो ना, तुमची गैरसोय होणार नाही' असं उत्तर आलं तर तिथं जेवायला जरूर जा, गाण्यासाठी जाऊ नका. सोबत पोर्तुगीज गिटार आहे का, हेही विचारायला संकोच करू नका. ते वाद्य नसताना चांगली गायिका चांगलं गाते, पण तुम्ही पहिल्यांदाच ऐकणार असाल तर त्या लखलखीत तारांची ओळख व्हायलाच हवी. त्याच रात्री नाच, जादूचे प्रयोग, हिंदी गाणी असा भरगच्च कार्यक्रम असेल तर गाण्याच्या वाट्याला किती वेळ येतो, ते तुम्हीच समजून घ्या.

भाषेची भीती बाळगू नका. गोव्यातल्या छोट्या बैठकीत गाणारे गाण्याआधी त्याचा आशय सांगतात. तेवढं कळलं की पुरतं. आपल्यापैकी किती जणांना ब्रज भाषेतल्या बंदिशीचा शब्दन् शब्द कळतो? तरी भैरवीला डोळे भरतात. खाण्यापिण्याचं मात्र आधी स्पष्ट विचारून घ्या. आमच्याकडचे पुष्कळ लोक माळकरी. गोव्याच्या ताटात मासळी आणि मांस हटकून असतं, पण आधी कळवलं तर शाकाहारी पदार्थ करून देण्यात तिथली माणसं कुचराई करत नाहीत. वाइन घेतलीच पाहिजे अशी सक्ती कुठं नसते. तिकिटात जेवण धरलं आहे का, हेही फोनवरच विचारा, म्हणजे तिथं गेल्यावर घरातल्या बाकीच्यांसमोर अवघडून जायला होत नाही. लहान मुलांना नेण्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं की भजनाला मांडीवर बसणारं मूल इथंही बसेल. कंटाळलं तर त्याला घेऊन बाहेर अंगणात जावं, आणि त्याचा राग करू नये.

ज्यांची मुलं-मुली नोकरीनिमित्त युरोपात आहेत आणि जे कधी लिस्बनला जातील, त्यांच्यासाठी शेवटचं प्रकरण आहे. तिथं पर्याय इतके की गोंधळ उडतो. 'मेझा द फ्रादिश' हे जुन्या प्रार्थनाघरात, निळ्या टाइलांच्या भिंतींमध्ये चालतं. 'सेन्योर विन्यु' हे गायिका मारिया द फे यांनी १९७५ साली सुरू केलं. 'ताश्का दु शिकु' या चिंचोळ्या खानावळीत हौशी मंडळी उठून गातात, त्याला भटका फादो म्हणतात. हौशी गाणं कधी कच्चं असतं, कधी काळजाला हात घालतं. बंदरावर जहाजानं आलेल्या पर्यटकांसाठी दोन तासांत सगळं उरकणाऱ्या जागाही भरपूर आहेत. वर सांगितलेले प्रश्न तिथंही जसेच्या तसे लागू पडतात. फादोबद्दल आधी थोडं जाणून घ्यायचं असेल तर आल्फामात १९९८ पासून फादोचं संग्रहालय आहे, दुपारी तिथं जाऊन यावं.

आता वाचकांना विनंती. नाताळ ते कार्निव्हाल या दिवसांत गोव्यात गर्दी असते आणि छोट्या घरांत खुर्च्या मोजक्याच असतात. गावातून निघण्यापूर्वीच फोन करा, बैठक कोणत्या दिवशी आहे ते विचारा, आणि बाकीचा दौरा त्या दिवसाभोवती बेता. वेळेआधी पोचा. फोन बंद करून खिशात ठेवा, चित्रण करत बसू नका. आणि बैठक संपल्यावर गिटार वाजवणाऱ्याला भेटून नावानं दाद द्या, कारण तो वाजवतो आहे तोवरच हे घर चालणार आहे.

डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली